आई-बाबांना घेऊन नॅरोबोटवर: लँगॉलन कालव्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आई-बाबा उन्हाळ्यात इंग्लंडला आले की आपण त्यांना लंडन दाखवतो, एडिनबरा दाखवतो, एखादी युरोपची कोच टूर करून आणतो. पहाटे बॅगा बाहेर, रात्री नवं हॉटेल, मधल्या वेळात बसमध्ये डुलक्या. तिसऱ्या खेपेला आईने सांगितलं, "अगं, आता कुठे नेऊ नकोस. चार दिवस तुमच्याशी नीट बोलायचंय." त्या वर्षी आम्ही नॅरोबोट, म्हणजे कालव्यावर चालणारी, आत राहायची सोय असलेली लांब-अरुंद बोट, भाड्याने घेतली. बॅगा एकदाच उघडल्या, स्वयंपाकघर बरोबर होतं, आणि कालव्यावर ताशी चार मैलांच्या वर जाताच येत नाही. त्यानंतर दोनदा गेलो. ओळखीतल्या घरांमधून तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

सगळ्यात आधी लायसन्सचं. ब्रिटनमध्ये सुट्टीसाठी भाड्याने नॅरोबोट चालवायला लायसन्स लागत नाही. बोट ताब्यात देताना तासभर शिकवतात, बरेचदा थोडं अंतर बरोबरही येतात. त्या तासात घाई करू नका. "समजलं, समजलं" म्हणत निघालेल्यांना संध्याकाळी फोन करावा लागतो. घरातल्या किमान दोघांनी सगळं ऐकावं, शक्य तर मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवावा.

कुठला कालवा, किती दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लँगॉलनच सांगते. हा कालवा इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या हर्लस्टनहून निघून वेल्समधल्या लँगॉलन गावापर्यंत जातो. पूर्ण वाटेवर २१ लॉक (बोट वर-खाली नेणारे पाण्याचे हौद) आहेत, पण ती पूर्ण वाट पहिल्या खेपेला करायची गरज नाही. एल्समियर गावाच्या आसपास बोट घेतली तर लँगॉलनपर्यंत सुमारे १८ मैल आणि लॉक फक्त दोन. म्हणजे लॉक शिकायला मिळतं आणि दमायलाही होत नाही. शिवाय शेवटच्या टप्प्यातला १८ किलोमीटरचा भाग २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पुढे याच वाटेवर चर्क आणि ट्रेव्हरलाही बोटी मिळतात, तिथून लँगॉलन आणखी जवळ. पण ट्रेव्हरहून निघून चर्ककडे जायचं तर बोट हातात येताच जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, समोर येतो, आणि नवख्या माणसाने तो सवय नसताना पार करू नये असं माझं मत आहे. आधी सपाट शेतांमधून दिवसभर बोट चालवा, मग तिकडे जा.

दिवस ठरवताना मैल मोजू नका, तास मोजा. सोमवार ते शुक्रवार चार रात्री मिळतात. जाताना एल्समियर ते लँगॉलन नऊ-दहा तास धरा, येताना दोनेक तास कमी. सोमवारी दुपारी बोट ताब्यात येते, त्या दिवशी दोन तास पुरे. मंगळवारी चर्कपर्यंत, बुधवारी दुपारी लँगॉलन, गुरुवारी परत. गुरुवार मोठा होतो, हे आधीच लक्षात ठेवा. घरात सत्तरीच्या पुढची माणसं किंवा अगदी लहान मूल असेल आणि रजा मिळत असेल, तर सरळ आठवडा घ्या. तीन रात्रींचा बेत मात्र या वाटेवर करू नका, तो पुन्हा कोच टूरसारखाच होतो.

जाताना वेळ जास्त का लागतो, ते बाबांनी पहिल्याच सकाळी ओळखलं. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, प्रवरेच्या कालव्यांवर त्यांची अर्धी नोकरी झाली. काठावर उभं राहून त्यांनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं आणि ते कुठे जातं ते बघत राहिले. "हे पाणी वाहतंय. याला उतार आहे." इंग्लंडचे बहुतेक कालवे साचलेल्या पाण्याचे असतात, हा नाही. लँगॉलनच्या वर डी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यातून यात पाणी सोडतात, आणि तेच पाणी पुढे हर्लस्टनच्या तलावात पिण्यासाठी जातं. १९४४ मध्ये कायद्याने हा कालवा वाहतुकीसाठी बंद करायला परवानगी मिळाली होती, पण या पाण्यामुळे तो बुजला नाही. म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध, आणि येताना प्रवाहाबरोबर. येताना बोट थांबायलाही जास्त अंतर घेते, हे विसरू नका.

बुकिंग करताना विचारायच्या गोष्टी

नॅरोबोटची रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच असते, कारण इथले लॉकच सात फुटांचे. सहा माणसांची बोट साधारण ६० फूट लांब. म्हणजे आत एक लांबच लांब बोळ आणि त्याच्या कडेने स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, बिछाने. बुकिंगच्या वेळी एवढं विचारा: आत उतरायला पायऱ्या किती आणि धरायला काही आहे का, आई-बाबांना रोज गुंडाळावा न लागणारा बिछाना कुठला, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची मिळतील का, डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं.

आणि मागचा भाग 'क्रूझर स्टर्न' पद्धतीचा मागा. यात चालवणाऱ्याच्या भोवती चार-पाच जणांना उभं राहायला, खुर्ची टाकायला मोकळी जागा असते. जुन्या पद्धतीच्या स्टर्नवर चालवणारा एकटाच पावसात उभा राहतो आणि गप्पा आत चालतात. आपण जातो कशासाठी? गप्पांसाठीच ना.

शाळांच्या सुट्टीतले आठवडे महाग असतात आणि लवकर भरतात. मे महिना किंवा सप्टेंबर उत्तम. जुलैत लँगॉलनला १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीत आयस्टेडफॉड (वेल्समधला महोत्सव) भरतो, त्या आठवड्यात काठाला बोट बांधायला जागा मिळणं कठीण. निघण्याआधी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर आपल्या वाटेवर कुठे दुरुस्तीसाठी कालवा बंद नाही ना, ते नक्की बघा.

सामान

कडक सुटकेस नको, ठेवायला जागाच नसते. कापडी बॅगा आणा. रबरी तळव्याचे बूट प्रत्येकाला, हातमोजे लॉक चालवणाऱ्यांना, रेनकोट जुलै असला तरी, आणि एक चांगली टॉर्च. लॉकवर काम करताना ओढणी किंवा पदर खोचून घ्या.

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी असते, त्यामुळे आपला छोटा कुकर चालतो. मिक्सर मात्र नेऊ नका. बोटीची वीज बॅटऱ्यांवर असते, त्यांना तो भार झेपत नाही. वाटण घरून करून गोठवून आणा, दाण्याचं कूट, मेतकूट, भाजणी डब्यात भरा. फ्रिज लहान असतो. पहिल्या संध्याकाळी सगळे दमलेले असतात, तेव्हा पिठलं-भात हाच बेत ठेवा. संडासासाठी घरून एक तांब्या किंवा पाण्याचा मग न्या, तो तिथे मिळत नाही. संडासाची टाकी मर्यादित असते, म्हणून आत पाण्याशिवाय आणि दिलेल्या कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पाण्याची टाकी दर एक-दोन दिवसांनी भरा, नकाशावर नळाची खूण असते. भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात आमचा चहा होतो.

थंडी वाजली तरी भिंतीतले हवेचे झरोके कापड कोंबून बुजवू नका. गॅस आणि शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. अलार्म चालू आहे ना, ते बोट घेतानाच बटण दाबून बघा.

टिलर हातात घेतल्यावर

टिलर म्हणजे मागचा सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. पहिला अर्धा तास उलटसुलट होणारच. दोन गोष्टी कळल्या की हात बसतो. एक, बोट मधोमध फिरते, त्यामुळे नाक एकीकडे गेलं की शेपूट दुसऱ्या काठाकडे जाते. दोन, बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरत असेल तरच ती वळते. न्यूट्रलमध्ये टिलर कितीही हलवा, उपयोग नाही.

आणि ब्रेक नाही. पंधरा-वीस टनांचं पोलाद थांबवायचं तर आधी वेग कमी करायचा, मग थोडा रिव्हर्स. पुलाची कमान दिसली की वीस मीटर आधीच नाक सरळ करून घ्या. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी हळू, नाहीतर त्यांच्या घरातल्या कपबशा हलतात आणि दोऱ्या ओढल्या जातात. आपल्या मागे काठावर लाट फुटायला लागली की वेग जास्त झाला असं समजा. गळ टाकून बसलेले लोक दिसले तर हळू, मधोमध जा आणि हात करा.

बोट काठावर किंवा दुसऱ्या बोटीवर आदळणार असं वाटलं तर हाताने, पायाने अडवू नका. आदळू द्या. पोलादाला काही होत नाही, हाडाला होतं. काठावर उडी मारायची नाही, बोट टेकली की पाऊल टाकायचं. छपरावर कोणी बसायचं नाही, पूल खूप खाली असतात. कोणी पाण्यात पडलंच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रलमध्ये घेणं, दुसरं ते बंद करणं. रिव्हर्स कधीच नाही, पंखा त्याच बाजूला असतो. पाणी बहुतेक ठिकाणी कमरेएवढं असतं, "उभा राहा" असं ओरडून सांगा. मुलांनी आणि पोहता न येणाऱ्यांनी बाहेर असताना लाइफ जॅकेट काढायचं नाही, आमच्याकडे आईसुद्धा घालते.

रोज सकाळी इंजिनचं तेल बघायचं असतं. पंख्यात गवत किंवा पिशवी अडकली तर ती काढायला मागे एक झाकण असतं, वीड हॅच. हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात. आणि ते झाकण परत घट्ट बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, कारण सैल झाकणातून पाणी आत येऊन बोटी बुडाल्या आहेत.

न्यू मार्टनचे दोन लॉक

एल्समियरहून तासाभराने फ्रँक्टन जंक्शन लागतं. तिथून माँटगोमेरी कालवा फुटतो, तिकडे वळायचं नाही. पुढे न्यू मार्टनला दोन लॉक आहेत, आणि आमच्या सहलीतला सगळ्यात रमलेला वेळ तिथलाच.

लॉक म्हणजे दोन टोकांना दरवाजे असलेला हौद. पाणी आत घेतलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. दरवाजातल्या लहान झडपांना पॅडल म्हणतात, त्या उघडायला विंडलास नावाचा हातातला हँडल असतो. जाताना आपण वर चढतो, त्याचा क्रम असा:

१. बोट खालीच थांबवून दोघांनी चालत वर जा. वरून कोणी उतरत असेल तर आधी त्यांना येऊ द्या, पाणी वाया जात नाही.
२. हौद रिकामा नसेल तर खालची पॅडल उघडून रिकामा करा. पाणी समान झालं की दरवाजा ढकलला जातो, त्याआधी जोर लावून उपयोग नाही.
३. बोट हळू आत घ्या. खालचे दरवाजे लावा, खालची पॅडल बंद करा.
४. वरची पॅडल आधी अर्धी. बोट स्थिर आहे, चालवणाऱ्याने हात वर केला, की मग पूर्ण.
५. पाणी भरलं की वरचा दरवाजा उघडा, बोट बाहेर काढा, पॅडल आणि दरवाजे बंद करून मगच चढा.

पॅडल वर असताना ती अडकवणारी खिट्टी बसली आहे ना ते बघा, आणि हँडल दांड्यावर तसाच सोडू नका. खिट्टी सुटली तर तो गरगर फिरून तोंडावर येतो.

परत येताना उतरायचं असतं, आणि खरी काळजी तेव्हाच. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो, सिल. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. बोटीची शेपूट त्याच्यावर राहिली तर पुढचा भाग खाली जातो आणि मागचा अडकतो. काठावर सिलची पांढरी खूण असते, बोटीची शेपूट तिच्या पुढे ठेवायची आणि सगळं पाणी उतरेपर्यंत तिथेच ठेवायची. काहीही चुकल्यासारखं वाटलं तर आधी सगळी पॅडल बंद, विचार नंतर.

बाबांनी दुसऱ्या लॉकवर विंडलास माझ्या हातातून घेतला. बाजूने एक लहान पाट वाहत होता, हौद भरलेला असला तरी वरचं जास्तीचं पाणी खाली नेणारा. "सांडवा," ते म्हणाले. मग नातवाला दरवाजाच्या लाकडी दांड्याला पाठ लावायला सांगितलं, पाय कुठे रोवायचे ते दाखवलं. दहा वर्षांचा तो आणि एकाहत्तर वर्षांचे ते, दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे रेटत होते. दरवाजा हलत नव्हता. "थांब, अजून चार बोटं पाणी यायचंय," असं म्हणून बाबा थांबले, आणि थोड्या वेळाने तोच दरवाजा आपसूक सुटला. आजोबा काय काम करायचे हे माझ्या मुलाला त्या दिवशी कळलं.

चर्क ते लँगॉलन

मंगळवारची रात्र चर्कच्या अलीकडे काढा. चर्कला रेल्वे स्टेशन अगदी कालव्याजवळ आहे, बर्मिंगहॅमहून श्रूझबरीमार्गे उशिरा येणारं कोणी असेल तर इथे गाठू शकतं.

बुधवारी सकाळी आठला निघा. बांधलेल्या जागी त्याआधी इंजिन चालवू नये, आसपास लोक झोपलेले असतात. आधी चर्कचा जलसेतू, १८०१ सालचा, २१ मीटर उंच. इथे इंग्लंड संपून वेल्स सुरू होतो. शेजारीच त्याच्याहून उंच रेल्वेचा पूल आहे. सेतू संपतो न संपतो तोच ४२१ मीटरचा बोगदा. आत एकच बोट मावते. पुढचा दिवा लावा, समोर दिवा दिसला तर बाहेरच थांबा. प्रवाह अंगावर येतो, त्यामुळे आत बोट रेंगाळते. घाबरून इंजिनचा वेग वाढवू नका. पुढे व्हाइटहाउसेसचा लहान बोगदा, मग फ्रॉनचा उचलता पूल. एकाने आधी उतरून रस्त्यावर गाडी नाही ना बघायचं, पूल पूर्ण वर गेल्यावरच बोट पुढे, आणि आपण गेल्यावर पूल खाली आणायचा.

आणि मग पॉन्टकसल्टे.

१७९५ ते १८०५ ही दहा वर्षं थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांनी हा जलसेतू बांधला. ३०७ मीटर लांब, डी नदीपासून ३८ मीटर उंच, १८ दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. वर्षानुवर्षांच्या देखभालीसाठी तिच्या तळाला एक बूच आहे, ते काढलं की सगळं पाणी थेट नदीत कोसळतं.

लँगॉलनकडे जाताना उजव्या हाताला कठडा आणि पायवाट असते. डाव्या हाताला काहीही नसतं, पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभर, आणि पलीकडे थेट दरी. म्हणून मुलांना आत बसवा, खिडकीतून जास्त छान दिसतं. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने आधीच उतरून पायवाटेने जावं, बोट त्याच्याच वेगाने चालते. चालवणाऱ्याने टिलर फार हलवायचा नाही, पन्हळच बोटीला धरून ठेवते. समोरून बोट शिरलेली असेल तर अलीकडे थांबायचं, मध्ये वाट देता येत नाही. आईने डोळे मिटून घेतले होते. मध्यावर आल्यावर तिने ते उघडले, खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "झाडांचे शेंडे किती हिरवे दिसतात गं वरून." मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

सेतू संपताच लँगॉलनसाठी डावीकडे काटकोनात वळण आहे. वेग आधीच कमी करा, नाहीतर सरळ ट्रेव्हरच्या बेसिनमध्ये (बोटी बांधायच्या तळ्यात) शिराल. पुढे काही अरुंद पट्टे आहेत जिथे एकच बोट जाते. एकाला फोन देऊन पायवाटेने पुढे पाठवा, वाट मोकळी आहे असं त्याने सांगितल्यावर शिरा. लँगॉलनला बेसिनमध्ये पैसे भरून बांधायची सोय आहे, दुपारी लवकर पोहोचलात तर जागा मिळते. बोट वळवायची ती इथेच, पुढे भाड्याच्या बोटींना जाता येत नाही.

पण चालत जाच. दोनेक मैलांवर हॉर्सशू फॉल्स आहे. नाव धबधब्याचं, प्रत्यक्षात तो टेलफर्डचा अर्धवर्तुळाकार बंधारा, या कालव्यात जिथून पाणी येतं ती जागा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी धक्क्यावरून घोड्याने ओढायच्या बोटी निघतात, त्यांत बसून थोडी सैर करता येते. बाबा बंधाऱ्यावर बराच वेळ बसले. "आमच्या ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे निघतात ना, तसंच," म्हणाले, आणि पाणी आत घेणाऱ्या दाराचे चार फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवले.

रात्री बांधताना

अंधारात चालवायचं नसतं, म्हणून सहाच्या सुमारास जागा शोधायला लागा. पायवाटेच्या बाजूलाच, पुलापासून, वळणापासून आणि लॉकपासून लांब. कडी असेल तर कडीला, नसेल तर खुंट ठोकून. पुढची आणि मागची दोरी बोटीपासून तिरकी बाहेर घ्या, थोडी ढील ठेवा. आमचा एक खुंट पहिल्या सहलीत ओल्या मातीत उभा ठोकलेला होता. सकाळी मोठी बोट वेगात गेली आणि तो उपटला. मी चहाचं आधण ठेवलं होतं, खिडकीतून बघते तर काठ दूर सरकतोय. तेव्हापासून खुंट बोटीच्या विरुद्ध बाजूला कलता, पूर्ण आत, आणि त्यावर पांढरी पिशवी बांधून, म्हणजे अंधारात कोणी अडखळत नाही.

परतीचा दिवस

शुक्रवारी बोट साधारण सकाळी नऊला द्यायची असते. म्हणून गुरुवारची रात्र बोट परत करायच्या जागेपासून तासाभराच्या आतच काढा. फ्रिज रिकामा करा, विंडलास मोजून ठेवा, कारण तो पाण्यात पडला असेल तर पैसे कापतात. बाबांनी आमचा विंडलास पुसून, कोरडा करून, पहिल्या दिवशी जिथे टांगलेला होता त्याच खिळ्याला टांगला, आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "पुढच्या वेळी ते एकवीसच्या एकवीस लॉक करता येतील का?"